लक्ष्मीबाई टिळक : जीवन आणि सेवाकार्य



'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ तुम्ही अभ्यासासाठी हाती घ्याल तेव्हा त्यातील विनोद तुम्हांला प्रथम भेटेल. रेव्हरंड टिळकांचा अव्यवहारीपणा, नवराबायकोची भांडणे, फजितीचे प्रसंग यांतच वाचक इतका रमतो की, या विनोदामागे कष्टाचे एक दीर्घ सेवाजीवन उभे आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही. लेखिकेने स्वतःच ते हसण्याच्या आड ठेवले आहे. म्हणून येथे लक्ष्मीबाईंचा विचार साहित्यिक म्हणून नंतर करू. आधी पाहू ती ख्रिस्ती मंडळीत राबलेली एक बाई.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळील जलालपूर येथे, गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिले आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचा अतिरेकी मार्ग धरला. बाजारातून आलेली वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुतल्यावाचून घरात घ्यायची नाही, अशी त्यांची रीत होती. हे टिपण मी पळस्पे येथे बसून लिहीत आहे. येथून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण येते. बंड म्हटले की आपल्याला अशी गावे, तसबिरी आणि स्मारके आठवतात. ज्या घरातला माणूस फासावर गेला, त्या घराच्या स्वयंपाकघरात पुढे काय घडत राहिले, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. ते लक्ष्मीबाईंच्या आठवणींत सापडते. विटाळाची ही विलक्षण भीती त्यांनी बालपणीच पाहिली होती, एवढे लक्षात ठेवा. पुढे तिचाच संबंध येणार आहे.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक बुद्धिमान, कवी, संतापी आणि कमालीचे अस्थिर. आज एका गावी नोकरी, तर उद्या न सांगता दुसऱ्या गावी. हाती पैसा आला की तो गरजूला देऊन मोकळे होत. संसार रेटण्याचे काम अर्थातच बायकोच्या वाट्याला आले. टिळकांनी पत्नीला शिकवायला घेतले खरे, पण त्यांचा धीर लवकर सुटे. लक्ष्मीबाई वाचायला शिकल्या. जोडाक्षरांशी मात्र त्यांचे अखेरपर्यंत फारसे जमले नाही. मराठी गद्यातील एका श्रेष्ठ पुस्तकाच्या लेखिकेची अक्षरओळख एवढीच होती, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये.

10 फेब्रुवारी 1895 रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरच्यांना याची आगाऊ कल्पना नव्हती. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी तो गेलेला. पदरात लहानगा दत्तू. पुढील काही वर्षे त्यांनी नातलगांच्या आश्रयाने, अहोरात्र रडत आणि त्याच काळात पद्ये जुळवीत काढली. नंतर त्या टिळकांकडे अहमदनगरला आल्या; पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांनी आपली चूल निराळी मांडली, आपले पाणी निराळे ठेवले. येथे टिळकांना श्रेय द्यायला हवे. त्यांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. तिचे सोवळे तिला पाळू दिले.

आता त्यांच्या आयुष्यातील कळीच्या वळणाकडे या. लक्ष्मीबाईंचे मन एखाद्या प्रवचनाने किंवा ग्रंथाने पालटले नाही. जात कोणी निर्माण केली, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घातला. पशुपक्ष्यांत वेगळ्या जाती दिसतात, तशा माणसांत दिसत नाहीत. तेव्हा हा भेद देवाचा नव्हे, माणसाचा आहे, असा निर्णय त्यांनी केला. निर्णय झाल्यावर त्यांनी तो अमलात आणला, कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवून. मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीने हे करावे, यात काय पणाला लागले असेल याची कल्पना करून पाहा. येशूवरील श्रद्धा यानंतर हळूहळू आली आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीमागून पत्नी गेली, असे या घटनेचे वर्णन सरसकट केले जाते. मला ते पटत नाही. दोघांचे मुक्कामाचे गाव एक असले, तरी वाटा दोन होत्या. टिळकांची चिंतनाची, लक्ष्मीबाईंची पाण्याच्या घागरीवरून गेलेली.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे 1831 पासूनचे केंद्र. तेथील ख्रिस्ती समाजात बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. 1899-1900 चा दुष्काळ, ज्याला जुनी माणसे छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, आणि त्या काळातली प्लेगची साथ यांनी असंख्य मुले पोरकी केली. टिळकांच्या घरी अशी मुले येत गेली. टिळकांनी आणावीत आणि लक्ष्मीबाईंनी वाढवावीत, असा शिरस्ता पडला. दया वाटणे एका क्षणाचे काम असते. त्या दयेपायी घरात आलेल्या मुलाचे कपडे धुणे, आजारपणे काढणे, पिठाची तजवीज करणे हे वर्षानुवर्षांचे असते. प्लेगच्या रुग्णांच्या शुश्रूषेतही त्या उतरल्या. तुमच्या परिचयाचे बालकवी ठोंबरे काही काळ याच घरी मुलासारखे राहिले आणि त्यांनाही याच मातेच्या हातचे जेवण मिळाले.

येथे एका शब्दाकडे तुमचे लक्ष वेधतो. मराठी ख्रिस्ती लोक उपासनेसाठी जमणाऱ्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. जुन्या मराठीत पुरुष आपल्या पत्नीचा उल्लेखही 'आमची मंडळी' असा करीत. घरच्या माणसांनाही 'मंडळी'च म्हणत. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हे तिन्ही अर्थ वेगळे काढणे अवघड आहे. चर्चचे काम कोठे संपले आणि घरकाम कोठे सुरू झाले, हे त्यांचे पुस्तक वाचून ठरवता येत नाही.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही आपली कल्पना मांडली. मिशनच्या चौकटीबाहेर, भारतीय पद्धतीने ख्रिस्तभक्ती करणाऱ्यांचा तो बंधुसंघ व्हायचा होता. नियमित मिळकत थांबली, चिंता वाढली. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नाशीच्या आसपास. मुंबईत मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाची देखरेख त्यांनी काही काळ केली. पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर त्या कराचीलाही राहिल्या. वसतिगृहातल्या मुलींवर त्यांनी केलेली माया पूर्वीच्या घराचाच विस्तार होती.

टिळकांनी 1909 साली 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य लिहायला घेतले होते. ते जेमतेम दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात 64 अध्यायांची भर घालून ते पूर्ण केले. आकड्यांकडे नीट पाहा. आपण ज्याला पतीचे अपुरे काम पुरे करणे म्हणतो, त्यातले बहुतेक काम पत्नीचे आहे. जोडाक्षरांत अडखळणारी ही बाई ओवीत अडखळत नाही, कारण ओवी तिला जात्यावर, सणावारी, बायकांच्या बैठकीत मिळालेली होती. त्या काळच्या पुष्कळशा मिशनरी मराठीला भाषांतराचा वास येई. लक्ष्मीबाईंनी देव बदलला, पण नाशिककडच्या ब्राह्मण बायकांची घरगुती बोली बदलली नाही. म्हणी, टोमणे, लाडिक बोल यांसकट ती त्यांनी मंडळीत आणली.

'स्मृतिचित्रे' चार भागांत 1934 ते 1936 या काळात प्रसिद्ध झाले. टिळकांच्या चरित्राची सामग्री जमवण्याच्या निमित्ताने लक्ष्मीबाई आठवणी लिहू लागल्या आणि त्या आठवणींतून त्यांचे स्वतःचे चरित्र उभे राहिले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचे निधन झाले. पुस्तकाची संक्षिप्त आवृत्तीही उपलब्ध आहे. शक्य असेल त्यांनी संपूर्ण आवृत्तीच वाचावी. वाचताना पोरक्या मुलांचे उल्लेख आले की समासात खूण करा. ते उल्लेख ओझरते येतात, बहुधा एखाद्या गमतीच्या गोष्टीत, आणि लेखिका लगेच दुसऱ्या विषयाकडे वळते.