ना. म. जोशी आणि नोकरीची शाश्वती

मुंबईच्या गिरणगावातील ना. म. जोशी मार्गाचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. ज्यांच्यामुळे ते नाव पडले त्यांच्या कार्याचा मात्र विसर पडत चालला आहे. नोकरीतील शाश्वती म्हणजे उद्योगाच्या वाटेतील धोंड, असे मानण्याच्या या काळात तो विसर परवडणारा नाही.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ साली कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. काही वर्षे शिक्षकाचा पेशा केल्यावर १९०९ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणी कामगारांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले ते या कामात. त्या काळी गिरणीच्या दारात रोज सकाळी बदली कामगारांचा घोळका उभा असे. कोणाला आत घ्यावयाचे हे जॉबर ठरवी, आणि त्याचा हात ओला केल्यावाचून काम मिळणे दुरापास्त असे. मालकांच्या दृष्टीने ही सोय होती. धंद्यातील जोखीम मात्र ज्याच्या गाठी काहीच नाही, त्याच्या माथी येई.

केवळ समाजसेवेने हे दुखणे हटणारे नव्हते. कामगारांचे हक्क कायद्यातच नोंदले जाणे आवश्यक होते. १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत जोशी हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते. १९२० साली स्थापन झालेल्या आयटकच्या संस्थापकांपैकी ते एक. संघटना बांधणाऱ्या पुढाऱ्यांवर मद्रासच्या न्यायालयाने मनाईहुकूम बजावला, तेव्हा १९२१ साली जोशींनी केंद्रीय विधिमंडळात कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण देण्याचा ठराव मांडला. त्याची परिणती १९२६ च्या कायद्यात झाली. १९२४ साली त्यांनी मांडलेले प्रसूतिभत्त्याचे विधेयक फेटाळले गेले; पण १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झालाच.

जोशी प्रकृतीने मवाळ. जहाल सहकाऱ्यांशी न पटल्याने १९२९ च्या नागपूर अधिवेशनात ते आयटकमधून बाहेर पडले आणि चळवळ दुभंगली. पण त्याच वर्षी सरकारने आणलेल्या औद्योगिक कलहविषयक विधेयकाला या मवाळ नेत्याने विरोध केला होता. लोकोपयोगी सेवांत चौदा दिवसांच्या नोटिशीवाचून संप करणे त्याने गुन्हा ठरविले. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले ते हेच विधेयक संमत झाल्यावर लगेच. पुढे जोशी ज्याचे सदस्य होते त्या शाही कामगार आयोगाने १९३१ साली नोकरभरती जॉबरच्या हातून काढून घेण्याची शिफारस केली.

१९५५ साली जोशी निवर्तले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती चौदा दिवसांची अट सर्वच उद्योगांना लागू केली, कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीला राजमान्यता दिली. आयटकसह दहा केंद्रीय संघटनांनी २६ नोव्हेंबर २०२० रोजी देशव्यापी संप करून आपला विरोध नोंदविला. तरीही २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता अमलात आली आहे.

मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन व वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळेल, हा संहितेच्या समर्थकांचा युक्तिवाद खोटा नाही. पण तो अपुरा आहे. मुदत संपताच होणारी सेवासमाप्ती ही कपात मानली जात नाही. नोकरीची मुदत वाढणे ज्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध संघटनेत सामील होण्याचे धाडस किती जण करतील? ज्या हक्काची मागणी करण्याचेच भय वाटते, तो कागदावरच राहतो. शाळा-कचेऱ्यांतील कंत्राटी शिक्षकाला आणि कारकुनाला हे वेगळे सांगावयास नको. गिरणीच्या दारातून जॉबर गेला. त्याची मर्जी कराराच्या कलमात शिरून परत येऊ नये, यासाठी जोशींनी दाखविलेला संघटनेचा व कायद्याचा दुहेरी मार्गच धरावा लागेल.