न्यायमूर्ती रानडे यांचे प्रायश्चित्त

अंबरनाथ पूर्वेस वालधुनीच्या काठी शके ९८२ मधील शिवालय आहे. महाशिवरात्रीस तेथे भाविकांची रीघ लागते आणि घरोघरी शिवलीलामृतातील व्याधाची कथा वाचली जाते. नकळत घडलेल्या उपवासाने व बिल्वपत्रांनी त्याचे पाप झडले. परंतु जाणूनबुजून केलेल्या, आणि ज्याचा पश्चात्तापच वाटत नाही अशा कृत्याचे प्रायश्चित्त कसे घ्यावयाचे? न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यापुढे हा प्रश्न एकदा उभा राहिला होता.

निफाड येथे १८ जानेवारी १८४२ रोजी जन्मलेले रानडे प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ असले, तरी हिंदू समाजाबाहेर ते कधी गेले नाहीत. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. तीस रानडे, टिळक आदी मंडळी उपस्थित होती. सभेनंतर चहा आला. पुढे ‘पुणे वैभवा’त उपस्थितांची नावे छापून आली आणि ग्रामण्य सुरू झाले.

ख्रिस्ती मंडळींत भाकर व द्राक्षारस यांचा प्रभुभोजनविधी असतो. पापाची कबुली व पश्चात्ताप यांवाचून तो घेऊ नये, असा त्यांचा दंडक आहे. पंचहौदात तसे काहीच घडले नव्हते. होता तो नुसता चहा! तरीही प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. बहिष्कारामुळे अनेकांची घरची धर्मकृत्ये अडली. काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी दाखविले. रानड्यांनी १८९२ मध्ये, स्नेह्यांची अडचण पाहून, प्रायश्चित्त घेतले. चहा हे पाप होय, असे त्यांना वाटले नव्हते. सुधारकांनी त्यांना दूषणे दिली, ती त्यांनी मुकाट्याने सोसली.

अशी दूषणे त्यांना नवी नव्हती. १८७३ मध्ये प्रथम पत्नी निवर्तल्यावर वडिलांच्या आग्रहास्तव, विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता, एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाहबद्ध झाला. आमच्या मते खरी बोच येथे असावयास हवी होती. पण त्यासाठी कोणत्याही शास्त्र्याने प्रायश्चित्त मागितले नाही. तो विवाह रूढीस धरूनच होता. लग्नानंतर रानड्यांनी त्या मुलीस, म्हणजे रमाबाईंस, लगोलग मुळाक्षरे गिरवावयास बसविले.