सावित्रीबाई खानोलकर : परमवीरचक्राच्या शिल्पकार

परमवीरचक्र हा रणभूमीवरील पराक्रमासाठी आपल्या देशात दिला जाणारा सर्वोच्च सन्मान होय. आजवर अवघ्या २१ वीरांना तो लाभला आणि त्यांपैकी १४ जणांना तो मरणोत्तर द्यावा लागला. या वीरांच्या कथा शाळेतील मुलेही वाचतात. परंतु ज्या पदकावर राष्ट्राने त्यांच्या त्यागाची मुद्रा उमटविली, त्याची रचना करणाऱ्या व्यक्तीचे नाव पदकावर कोठेही नाही आणि पुष्कळांच्या स्मरणातही नाही. ती व्यक्ती एक स्त्री होती. जन्माने युरोपीय आणि स्वेच्छेने भारतीय. सावित्रीबाई खानोलकर यांचे चरित्र ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात शोभून दिसावे, याला आणखी एक कारण आहे. त्या एका ग्रंथपालाच्या कन्या होत्या.

२० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव ईव्ह इव्होन. वडील आंद्रे द माडे हे मूळचे हंगेरियन. ते जिनिव्हा विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे राष्ट्रसंघाचे ग्रंथपाल झाले. आई मार्थ या रशियन असून जिनिव्हातील रूसो यांच्या नावाच्या शिक्षणसंस्थेत शिकवीत असत. अशा विद्याव्यासंगी, अनेक देशांचा वारसा लाभलेल्या घरात ईव्हचे बालपण गेले.

१९२९ साली विक्रम रामजी खानोलकर हे मराठी तरुण इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे लष्करी शिक्षण घेत होते. सुटीत ते आल्प्स पर्वतातील शामोनी येथे गेले असता ईव्हची व त्यांची भेट झाली. ती तेव्हा अवघी सोळा वर्षांची होती. आपल्या मुलीने इतक्या दूरदेशी जावे, हे वडिलांना मान्य नव्हते. मुलीचा निश्चय मात्र ढळला नाही. काही वर्षांनी ती भारतात आली आणि १९३२ साली लखनौ येथे त्यांचा विवाह झाला. ईव्हची सावित्री झाली.

विवाहाने नाव बदलते. मन बदलण्यास अभ्यास लागतो. सावित्रीबाईंनी तो मनापासून केला. त्या मराठी, हिंदी व संस्कृत शिकल्या, शाकाहारी झाल्या, साडी नेसू लागल्या. वेद, उपनिषदे व पुराणे यांचे त्यांनी परिश्रमपूर्वक अध्ययन केले. नृत्य, संगीत आणि चित्रकला यांचीही त्यांना आवड होती. कोणी परदेशी म्हटलेले त्यांना रुचत नसे. आपला आत्मा भारतीयच असून जन्म तेवढा चुकून युरोपात झाला, अशी त्यांची श्रद्धा होती.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि दोन-अडीच महिन्यांतच काश्मीरमध्ये युद्ध पेटले. तोवर हिंदी सैनिकाच्या शौर्याचा सर्वोच्च गौरव म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉस. ज्या मराठा पलटणीचे केंद्र बेळगाव येथे आहे, तिच्या यशवंत घाडगे यांना १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना १९४५ च्या इटलीतील पराक्रमासाठी तो मिळाला होता. घाडगे यांनी तर त्यासाठी प्राण वेचले. त्यांचे शौर्य निर्विवाद होते. परंतु सन्मान परक्या राजमुकुटाचा होता. स्वतंत्र राष्ट्राचा सैनिक आता कोणाच्या नावाचे पदक छातीवर लावणार, हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नव्हता. स्वतंत्र भारताचे पहिले ॲडज्युटंट जनरल मेजर जनरल हिरालाल अटल यांच्यावर नव्या शौर्यपदकांची सिद्धता करण्याची जबाबदारी आली. खानोलकर हे सैन्यातील सहकारी. त्यांच्या पत्नीचा प्राचीन वाङ्मयाचा व्यासंग अटल जाणून होते. पदकांच्या रचनेचे काम त्यांनी सावित्रीबाईंकडे सोपविले.

शौर्याचे चिन्ह शोधताना सावित्रीबाई पुराणांतील दधीची ऋषींच्या कथेपाशी थांबल्या. वृत्रासुराचा वध करण्यास देवांपाशी शस्त्र नव्हते. त्यांनी दधीचींकडे त्यांच्या अस्थी मागितल्या. ऋषींनी देह ठेवला आणि त्या अस्थींतून इंद्राचे वज्र घडले. म्हणजे वज्र हे शस्त्र खरे, परंतु त्याचे मूळ दानात आहे. वार करणाऱ्याच्या बाहुबळाआधी देह देणाऱ्याची तयारी असते, हे या कथेचे सार. सैनिकाच्या जीवनाचे याहून नेमके चिन्ह कोणते असणार?

पदक गोलाकार, कांस्याचे, पावणेदोन इंचांहूनही लहान, नेमके सांगायचे तर १ ३/८ इंच व्यासाचे आहे. दर्शनी बाजूस मध्यभागी राजमुद्रा व तिच्याभोवती वज्राच्या चार प्रतिमा. मागील बाजूस हिंदी व इंग्रजी अक्षरांत पदकाचे नाव आणि त्या दोहोंमध्ये दोन कमळे. फीत साध्या जांभळ्या रंगाची. वज्राशेजारी शिवछत्रपतींची तलवार आहे, असेही पुष्कळदा सांगितले जाते. तथापि पदकाच्या अधिकृत वर्णनात उल्लेख आहे तो इंद्राच्या वज्राचाच. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. महावीरचक्र व वीरचक्र ही पदके चांदीची; त्या दोहोंहून श्रेष्ठ असलेले परमवीरचक्र मात्र कांस्याचे आहे. त्याचे मोल धातूत नाही. महावीरचक्र, वीरचक्र व अशोकचक्र यांच्या रचनाही सावित्रीबाईंच्याच.

२६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताकाच्या पहिल्याच दिवशी, परमवीरचक्राची स्थापना झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरण्यात आली. पहिले मानकरी ठरले मेजर सोमनाथ शर्मा. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरजवळ बडगाम येथे, डावा हात प्लॅस्टरमध्ये असतानाही, ते आपल्या तुकडीला गोळ्या भरून देत लढले आणि तेथेच पडले. हे सोमनाथ सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर. पुराणातून वेचलेले चिन्ह प्रथम आपल्याच आप्तांच्या घरी, आणि तेही मरणोत्तर जावे, हा योग त्या मातेला कसा वाटला असेल, याची कल्पनाच करावी.

हा सन्मान जिवंतपणी प्रथम लाभला तो कारवारजवळच्या चेंडिया गावच्या राम राघोबा राणे यांना. एप्रिल १९४८ मध्ये, जखमी असूनही, त्यांनी नौशेरा ते राजौरी या मार्गावरील सुरुंग व अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली. पूर्वी हैदराबाद संस्थानच्या सैन्यात असलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना १९६५ च्या युद्धात तो मरणोत्तर मिळाला. प्रांत, धर्म व भाषा यांच्या सीमा या लहानशा चक्राने कधीच मानल्या नाहीत. त्याच्या शिल्पकारांनीही त्या मानल्या नव्हत्या.

१९५२ साली मेजर जनरल विक्रम खानोलकर यांचे निधन झाले. वैधव्यात सावित्रीबाई अध्यात्माकडे वळल्या आणि रामकृष्ण मठाच्या आश्रयाला गेल्या. फाळणीतील निर्वासितांसाठी आणि युद्धात कामी आलेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी त्यांनी सेवाकार्य केले. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. सासरच्या भाषेतील संतपरंपरा तिच्या बाहेरच्या वाचकांपर्यंत नेणारी ही सून जिनिव्हाची होती. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहून मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना या चरित्रातून एक आधार मिळतो. एखाद्या भाषेचे व संस्कृतीचे होणे हे जन्मस्थानावर अवलंबून नसते. ते वाचनाने, सेवेने आणि निष्ठेने मिळवावे लागते. सावित्रीबाईंनी ते इतके पूर्णत्वाने मिळविले, की राष्ट्राला आपल्या वीरांसाठी चिन्ह हवे होते, तेव्हा ते त्यांच्याकडून घ्यावेसे वाटले.