वैमानिकांचा नेता : डेव्हिड बेहन्के

डेव्हिड बेहन्के यांचा जन्म १८९७ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. लष्करात विमानविद्या शिकून पुढे ते टपाल वाहणाऱ्या विमानांवर वैमानिक झाले. त्या काळी अपघात नित्याचे आणि पगार मालकाच्या मर्जीवर. म्हणून १९३१ मध्ये त्यांनी शिकागोत वैमानिकांची संघटना उभारली.

लवकरच अवघड प्रश्न पुढे आला. विमानांचा वेग वाढला, तेच अंतर कमी तासांत कापले जाऊ लागले. मग केवळ तासांवर पगार दिला तर काम तेवढेच होऊनही कमाई घटणार! बेहन्के यांनी हा मुद्दा सरकारदरबारी लावून धरला. १९३४ च्या निवाड्याने मूळ पगार, उड्डाणाचे तास आणि कापलेले मैल यांचा मेळ घातला. शिवाय महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली.

महायुद्धानंतर चार इंजिनांची मोठी विमाने आली. एका फेरीत कितीतरी अधिक उतारू जाऊ लागले. विमानासाठी भांडवल कंपनीचे, हे खरे. पण वाढलेल्या जबाबदारीचे मोल कोणी द्यायचे? याच प्रश्नावर १९४६ मध्ये टीडब्ल्यूए कंपनीच्या वैमानिकांनी संप केला. पुढे विमानाचे वजनही पगाराच्या हिशेबात आले.

बेहन्के यांचा शेवट मात्र करुण झाला. सारा कारभार एकहाती ठेवण्याच्या स्वभावामुळे १९५१ मध्ये त्यांच्याच संघटनेने त्यांना दूर केले. १९५३ मध्ये ते निवर्तले. सहकाऱ्यांना पगारात वाटा मिळवून देणाऱ्या या माणसाला अधिकारात वाटा देणे जमले नाही. तरीही यंत्र मोठे झाले की ते चालवणाऱ्याचा वाटाही वाढावा, हा त्यांचा आग्रह त्यांच्यामागे टिकून राहिला.