जॉन पोस्टेल: इंटरनेटचे नंबर सांभाळणारा माणूस

लाइव्ह टीव्हीसारखा डेटा एका ठिकाणाहून अनेक ठिकाणी नेणारा नेटवर्क टनेल ओळखायचा कसा? टोकं अनेक, त्यामुळे एका टोकाचा पत्ता पुरत नाही. वेगळा नंबर लागतो. आणि नंबर म्हटलं की मला जॉन पोस्टेल आठवतात.

जन्म १९४३, कॅलिफोर्निया. अर्पानेटवर काम करताना कुठला नंबर कशाला दिलाय, याची नोंद ते ठेवू लागले. एकच नंबर दोन कामांना गेला तर मशीनची गल्लत होणार! पंचवीसहून जास्त वर्षं त्यांनी हे काम केलं. पुढे त्याला आयाना हे नाव पडलं.

१९९८ मध्ये, ५५ व्या वर्षी ते गेले. २००७ साली या टनेलचं स्टँडर्ड आलं, तेव्हा आयपीव्ही४ साठीचा १३ हा टाइप नंबर आयानाच्याच यादीत नोंदला गेला. तुमचा फोनही रोज याच याद्यांमधले नंबर वापरतो.