विश्लेषण : रेल्वे शहापुरातून गेली, मुरबाडला का नाही? बर्कले आणि घाटाचे समीकरण

कसारा घाटात गाडीला मागून जादा इंजिने का लावतात? मुरबाडला आजही रेल्वे का नाही? दोन्ही प्रश्न जेम्स जॉन बर्कले या अभियंत्यापाशी येऊन थांबतात.

बर्कले कोण होते?
जन्म १८१९, लंडन. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली तयार झालेले बर्कले १८५० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता म्हणून मुंबईत आले. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली. खरी परीक्षा पुढे होती, ती सह्याद्रीची.

माळशेज का मागे पडला?
कंपनीच्या सुरुवातीच्या आराखड्यात मार्ग मुरबाड तालुक्यातील माळशेज घाटातून होता. बर्कले यांनी घाटांची पाहणी केली आणि माळशेजऐवजी दोन घाट निवडले : नाशिककडे थळ (कसारा), पुण्याकडे बोर.

समीकरण काय सांगते?
चढाचे प्रमाण (च) = उंची (उ) ÷ लांबी (ल). घाटात मात्र ‘उ’ डोंगर ठरवतो आणि ‘च’ची मर्यादा इंजिनाची ताकद. शोधायची असते ती लांबी. म्हणून दोन्ही बाजूंना ‘ल’ने गुणायचे, मग ‘च’ने भागायचे. सूत्र होते : ल = उ ÷ च.

थळ घाटातील एकूण चढ ९७२ फूट, म्हणजे सुमारे २९६ मीटर. सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर. २९६ ला १/३७ ने भागले की सुमारे ११ किलोमीटर येतात. यापेक्षा कमी लांबीत घाट चढणे अशक्य! प्रत्यक्ष मार्ग सुमारे १५ किलोमीटरचा झाला. म्हणजे सरासरी चढ साधारण ५१ ला १. थोडक्यात, घाट किती उंच यापेक्षा रूळ पसरायला डोंगरात जागा किती, हा प्रश्न मोठा. ती जागा १३ बोगदे आणि उंच पूल बांधून मिळवावी लागली. पहार, छिन्नी आणि सुरुंगाच्या बळावर हजारो मजुरांनी ती घडवली.

पुढे काय झाले?
रूळ १८५५ मध्ये वासिंदला, १८६१ मध्ये कसाऱ्याला पोहोचले. प्रकृती ढासळल्याने बर्कले मायदेशी परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बोर घाट १८६३ मध्ये, थळ घाट १८६५ मध्ये सुरू झाला. दोन्ही घाटांतून धावलेली गाडी त्यांना पाहता आली नाही.

शहापूर तालुक्याला वासिंद, आसनगाव, कसारा ही स्थानके मिळाली. मुरबाडकर मात्र आजही गाडी पकडायला रस्त्याने कल्याण गाठतात.