बॅरिस्टर बाबासाहेब धुळ्याच्या कोर्टात

दरवर्षी 31 जुलैला आम्ही लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. धुळे-जळगावहून बांधव लोटतात. परंतु 1937 साली बाबासाहेब धुळ्यात आले ते कोर्टाच्या कामासाठी, वकील म्हणून, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

ती वकिली सुखासुखी उभी राहिली नव्हती. 1923 साली त्यांनी मुंबई हायकोर्टात सुरुवात केली. तिथे बॅरिस्टरला काम मिळे सॉलिसिटरकडून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर फिरकत नसत. कोलंबिया, लंडनच्या पदव्या होत्या, हाती ब्रीफ नव्हती! पण बाबासाहेबांनी विद्या कुलपात ठेवली नाही. 1925 पासून बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला (पोटासाठीच, यात लपवायचे काय?). रुपयाच्या प्रश्नावर हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. परळच्या दामोदर हॉलमधल्या कचेरीत गोरगरीब येत. कित्येकांना सल्ला फुकट मिळे. 1926 साली ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात जेधे-जवळकरांचे अपील पुण्यात त्यांनी चालवले, आरोपी सुटले, आणि बॅरिस्टर आंबेडकर हे नाव बहुजनांत झाले. 1928 साली सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक, 1935 साली तिथेच प्राचार्य.

आज आमच्यातलेच काही वकील पक्षकाराला त्याच्याच केसचे कागद दाखवत नाहीत. कलम कळले तर गिऱ्हाईक जाईल, ही धास्ती!

येत्या 31 जुलैला आम्ही काही वकील बंगल्याजवळ बसणार आहोत. जमिनीचे, जातीच्या दाखल्याचे कागद असतील त्यांनी सोबत आणावेत.